माझ्या हातचा आदेश कोर्टानं रद्द केला

बंदुकीचं आणि माझं नातं कागदापुरतं. आयुष्यात मी एकही गोळी झाडली नाही. दिवाळीत कुणी सुतळी बॉम्ब पेटवायला घेतला तरी मी कानांवर हात ठेवून घरात पळते. तरीही नोकरीची शेवटची अकरा वर्षं धाराशिव जिल्ह्यातल्या परवान्याच्या बंदुका माझ्या टेबलावरून गेल्या. मी शस्त्र परवान्याच्या टेबलाची अव्वल कारकून होते.

या टेबलावर बाई बसलेली बघून लोकांचा विरस व्हायचा. मिशीला पीळ देत आलेला माणूस दारातून डोकवायचा, मला बघायचा आणि विचारायचा, "साहेब कुठं गेले?" मी म्हणायचे, "बसा. काय काम आहे?" मग तो खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि बंदुकीबद्दल असं काही हळू आवाजात बोलायचा, जणू घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारतोय.

कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेर त्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. बंदूक विकत घ्यायची तर आधी परवाना लागतो. अर्ज येतो, पोलिसांचा अहवाल येतो, हत्यार चालवायला शिकल्याचा दाखला येतो, आणि मग जिल्हादंडाधिकारी ठरवतात की या माणसाच्या हाती बंदूक द्यायची की नाही. ठरावीक वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण होतं. निवडणूक आली की कुणाकुणाच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्यायच्या हे एक समिती ठरवते. आणि एखाद्याकडे बंदूक राहणं लोकांच्या जिवाला धोक्याचं वाटलं, तर त्याचा परवाना रद्दही करता येतो. मात्र त्याआधी त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचा खुलासा वाचावा लागतो आणि आदेशात कारण लिहावं लागतं. ते कारण पटलं नाही तर तो माणूस विभागीय आयुक्तांकडे अपील करतो, आणि तिथंही काही झालं नाही तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातो. दोन्ही ठिकाणं संभाजीनगरला.

या सगळ्यात कारकून कुठं असतो? कारकून टिपणी लिहितो आणि आदेशाचा मसुदा करतो. सही साहेबांची असते, वाक्यं आपली असतात. हे मला कळायला फार वेळ लागला.

माणसं मात्र एकेक भेटली. एकानं नव्या परवान्याच्या अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'चुलत भावाकडे आहे.' एवढंच. मी ते तसंच टिपणीत घेतलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला आणि शेरा मारला, 'कारण प्रामाणिक, परंतु अपुरे.' एक आजी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडून आल्या होत्या. नवरा वारला होता, त्यांची दुनळी बंदूक जमा करायची होती. हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. जुन्या नऊवारीत गुंडाळून एसटीनं थेट माझ्याकडे घेऊन आल्या. टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या बाई ही माझी सवत. चाळीस वर्षं माझ्याआधी हिलाच पुसायचे." मी घाबरून उभी राहिले. नळीत काही नाही हे पोलीस येऊन बघेपर्यंत मी बसले नाही. आजी मात्र पाणी पिऊन भिंतीला टेकून निवांत बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आता घरात जरा जागा झाली."

असं बरंच काही सांगता येईल. पण मला सांगायची आहे ती अंकुश गाडेकर यांची गोष्ट. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, एका लग्नाच्या वरातीपर्यंत.

एक कंत्राटदार होते, बोलायला फार गोड. त्यांच्या रिव्हॉल्वरच्या परवान्याचं नूतनीकरण माझ्याकडे आलं. नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशोब द्यावा लागतो: किती घेतली, किती वापरली, रिकाम्या पुंगळ्या कुठं आहेत. यांच्या कागदात काही काडतुसांचा पत्ता नव्हता. मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, शेतात रानडुकरं भेडसावायला उडवली. पुंगळ्या मातीत गेल्या, आता कुठं हुडकू?" मला ते खरं वाटलं नव्हतं. तरी मी टिपणीत 'खुलासा समाधानकारक' असं लिहिलं. का लिहिलं? दुपारची वेळ होती, पुढं फायलींची चळत होती, माणूस नम्र होता.

पुढच्याच लग्नसराईत पुतण्याच्या वरातीत त्यांनी हवेत गोळ्या झाडल्या. एक हवेत गेली नाही. बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या माणसाची दोन बोटं गेली. गुन्हा दाखल झाला, परवाना रद्द झाला, तो आदेश मीच लिहिला आणि तो योग्यच होता. पण काही महिन्यांनी तो वाजवणारा माणूस कसल्या तरी कागदासाठी आमच्या इमारतीत आला होता. व्हरांड्यात गाठ पडली. मी विचारलं, "आता काय करता?"

"बँडमंदीच हाय की," तो म्हणाला. "आता जनरेटरची गाडी ढकलतो. वाजवायला न्हाय जमत." मग म्हणाला, "मला वाटलं फटाका हाय. म्हणून म्या वाजवायचं थांबवलंच न्हाय."

त्यानं मला काहीच बोल लावला नाही. माझी टिपणी त्याला ठाऊकही नव्हती. मी जागेवर येऊन बसले आणि ठरवलं, आता आपल्या टेबलावरून कुणाला सूट नाही.

इथून माझी दुसरी चूक सुरू झाली. पहिली ढिलाईची होती, दुसरी कडकपणाची. कडकपणाची चूक ओळखायला अवघड, कारण ती करताना माणसाला आपण फार चांगलं वागतोय असं वाटत असतं.

वरातीच्या प्रकरणात लिहिलेला आदेश साहेबांना आवडला होता. मी तो संगणकात ठेवून दिला. पुढं परवाना रद्द करायचं प्रकरण आलं की तोच उघडायचा, नाव बदलायचं, गाव बदलायचं, तारीख बदलायची. 'सार्वजनिक शांतता व सुरक्षितता विचारात घेता' हा परिच्छेद तर जसाच्या तसा. काम झपाझप व्हायला लागलं. प्रलंबित प्रकरणांच्या यादीत माझं टेबल सगळ्यात स्वच्छ दिसायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

अंकुश दगडू गाडेकर हे कळंब तालुक्यातले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त सैनिकाला बंदुकीचा परवाना असला की बँकेत सशस्त्र रखवालदाराची नोकरी मिळते, तशी त्यांना मिळाली होती. परवाना त्यांच्यासाठी रुबाबाची वस्तू नव्हती, नोकरीच त्यावर उभी होती. त्यांच्या सख्ख्या भावानं, भारतनं, पोलिसांत तक्रार दिली की शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि अंकुशनं बंदुकीचा धाक दाखवला. पोलिसांच्या अहवालात 'तक्रारदाराचे म्हणणे असे की' एवढंच होतं. मी मात्र 'धाक' हा शब्द वाचला आणि मला ती दोन बोटं आठवली.

नोटीस काढली. मुदत गेली. फायलीत खुलासा नव्हता. मी संगणकातला मसुदा उघडला, नाव घातलं, 'संधी देऊनही खुलासा सादर केला नाही' असं लिहिलं. सही झाली. परवाना रद्द. बँकेला रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीनं त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं. त्यांनी आयुक्तांकडे अपील केलं. तिथंही आमच्याच फायलीवर विसंबून ते फेटाळलं गेलं. मी फाईल बांधून ठेवली आणि विसरले.

काही महिन्यांनी खंडपीठाकडून याचिकेची प्रत आली. मूळ याचिका इंग्रजीत, मागं जोडलेले कागद मराठीत. असं काही आलं की आमच्याकडून शपथपत्र जातं. याचिकेतल्या प्रत्येक मुद्द्याला काय उत्तर, ते आधी कारकून लिहून देतो. मी चहा मागवला आणि वाचायला बसले.

पहिल्या मुद्द्यावरच चहा राहून गेला. याचिकेत लिहिलं होतं की माझ्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'विवाह समारंभात जमावासमोर' असे शब्द आहेत. अर्जदाराच्या प्रकरणात विवाह समारंभच नाही. मी आदेश काढून बघितला. खरंच होतं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, वरात तशीच राहिली होती.

दुसरा मुद्दा त्याहून वाईट होता. त्यांचं म्हणणं होतं की खुलासा मुदतीत दिला आहे. सोबत पोचेची प्रत होती. आमच्या शाखेचा शिक्का, आवक क्रमांक, आणि खाली आद्याक्षरं. आद्याक्षरं माझीच.

आवक नोंदवही काढली. त्या क्रमांकाला नोंद होती: 'अंकुश गाडेकर, खुलासा.' मग कागद गेला कुठं? दोन दिवस मी रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात होते. तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच गावात अंकुश दाजी गाडेकर नावाचे आणखी एक परवानाधारक होते. ते वारले होते, बंदूक जमा झाली होती, फाईल बंद झाली होती. जिवंत माणसाचा खुलासा मी मेलेल्या माणसाच्या फायलीत लावून ठेवला होता.

तिथंच एका खोक्यावर बसून वाचला. दोन पानं, एकाखाली एक सरळ ओळी, सैन्यातल्या माणसाचं अक्षर. लिहिलं होतं की भांडण झालं हे खरं आहे, मी आवाज चढवला हेही खरं आहे. पण त्या दिवशी बंदूक माझ्याजवळ नव्हती, ती बँकेच्या तिजोरीच्या खोलीत कुलपात होती. सोबत शाखेच्या व्यवस्थापकाचं पत्र आणि हत्याराच्या नोंदवहीचं पान. एवढा एक कागद मी वेळेवर वाचला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता काय करायचं, हा प्रश्न होता. कागद सापडलाय हे फक्त मला माहीत होतं. 'अभिलेखात खुलासा आढळून येत नाही' असं एक वाक्य लिहिलं की काम भागत होतं. मी तसं लिहिलंही. लिहून झाल्यावर वाचलं. वाक्य चांगलं जमलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, मुलीचं लग्न ठरायचं होतं, इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक साधा मेमो नव्हता. हे सगळं त्या वाक्याच्या बाजूनं उभं होतं.

मसुदा घेऊन साहेबांकडे गेले. हे साहेब निवासी उपजिल्हाधिकारी, परवान्याची प्रकरणं जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या वतीनं बघणारे, माझ्याहून वयानं खूप लहान. त्यांनी वाचायला घेतलं आणि सहज म्हणाले, "जाधव मॅडम, हे शपथपत्र आहे. शपथ मी घेणार. यातलं सगळं बरोबर आहे ना?"

त्यांना कसलाही संशय नव्हता. रोजच्यासारखं विचारलं होतं. पण माझ्या खोट्यावर दुसऱ्या माणसाची शपथ जाणार, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "खुलासा आला होता. माझ्याकडून दुसऱ्या फायलीत लागला. आज सापडला."

त्यांनी दोन पानं वाचली. मग याचिकेतल्या पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "आणि हे लग्न कुणाचं?"

मी तेही सांगितलं.

"तुमच्यावर कारवाई होईल, हे माहीत आहे ना?"

"हो."

"मग असंच्या असं लिहून आणा. एक शब्द झाकू नका. आणि तारखेला रेकॉर्ड घेऊन तुम्हीच जा. मी दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही."

मी बाहेर आले. दोन दिवसांनी पहिल्यांदा मला भूक लागली होती.

तारखेला सकाळच्या एसटीनं संभाजीनगरला गेले. मांडीवर फडक्यात बांधलेल्या दोन फायली, एक जिवंत गाडेकरांची, एक मेलेल्या. सरकारी वकील बाई भेटल्या. शपथपत्र वाचून म्हणाल्या, "अहो, यात आता मी लढू काय?" मी म्हटलं, "लढायचं नाहीच आहे मॅडम." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. नाहीतर ती पोच बघून मलाच बोलणी बसली असती."

न्यायालयाच्या दालनाबाहेर बाकावर एक ताठ माणूस बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्यांना कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. पण ओळखलं. मी शेजारी बसून फडकं सोडलं, तसं त्यांनी वरच्या फायलीवरचं नाव वाचलं.

"तुमी त्या टेबलाच्या का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्या तुमच्याच हातात दिला व्हता कागद. तुमी फोनवर बोलत व्हता. शिक्का मारून दिला."

"आठवत नाही मला," मी म्हणाले. "पण दिला होता तुम्ही. सापडला तो. आज तसं सांगणार आहोत."

ते नुसतंच म्हणाले, "सात महिने झाले. कळंबच्या मोंढ्यात काठी घेऊन सोयाबीनची पोती राखतो. बायकोला सांगितलंय, बँकेची ड्यूटी बदलली." माझ्याकडे न बघता त्यांनी बुटाच्या टोकावरची धूळ रुमालानं टिपली.

पुकारा झाला. त्यांच्या वकिलांनी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात आमच्या वकील बाई उभ्या राहिल्या आणि सरळ सांगितलं की खुलासा मुदतीत मिळाला होता, तो विचारात घेतला गेला नाही, ही चूक कार्यालय मान्य करतं. न्यायमूर्ती आदेश वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबले. मराठीतच विचारलं, "हे भावाभावाचं बांधाचं भांडण आहे. यात लग्न कुठून आलं?"

दालनात कुणीतरी हसलं. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

"रेकॉर्ड घेऊन कोण आलंय?"

मी उभी राहिले.

"हा मसुदा तुम्ही केला?"

"हो साहेब. आधीच्या एका प्रकरणाचा होता. त्यावरून केला."

"आणि खुलासा दुसऱ्या फायलीत आहे हे कुणी शोधलं?"

"मीच."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बसा."

बस एवढंच. आयुष्यात मला कुणी इतक्या प्रेमानं बसायला सांगितल्याचं आठवत नाही.

पुढं ते इंग्रजीत आदेश सांगत गेले; वकील बाईंनी नंतर मला अर्थ सांगितला. धोका असेल तर बंदूक काढून घ्यायचा अधिकार प्रशासनाला आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्याच्याकडून काढून घ्यायची त्याचं म्हणणं वाचल्याशिवाय आणि त्याच्याच प्रकरणाचं कारण दिल्याशिवाय तो वापरता येणार नाही. आमचा आदेश रद्द, अपिलातला आदेश रद्द, आणि नव्यानं सुनावणी घेऊन ठरावीक मुदतीत निर्णय द्या. माझ्याविरुद्ध एक शब्दही लिहिला नव्हता.

आमची बाजू हरली होती आणि मी जिन्यावरून अशी उतरत होते, की खटला मीच जिंकलाय असं बघणाऱ्याला वाटलं असतं. खाली गाडेकर भेटले. त्यांना मी हात जोडले. ते गडबडले. म्हणाले, "ताई, असं नका करू. चूक समद्यांकडनं व्हतीया. पर कबूल कोण करतंय?" मग आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला. दोघंही दमलो होतो.

सुनावणी साहेबांनी घेतली. मी पुढं बसून लिहून घेत होते. या वेळी साहेबांनी भारतलाही बोलावलं होतं. दोघं भाऊ समोरासमोर, चेहरे इतके सारखे की कुणालाही हसू यावं.

साहेबांनी भारतला विचारलं, "त्या दिवशी यांच्या हातात बंदूक होती का?"

भारत खाली बघत म्हणाला, "न्हवती साहेब."

"मग तक्रारीत तसं का दिलं?"

तो म्हणाला, "हातात न्हवती, पर घरात येतीया ना ती कधी सुट्टीला. ह्याचा राग लई वाईट. रागात ह्यो म्हणला, 'थांब, दावतो तुला.' आता ह्यो काय दावंल, मला काय ठावं? माझी लेकरं हायती. मला भ्या वाटलं. खरंच वाटलं."

मी लिहायची थांबले. इतके दिवस मी भारतला खोटारडा समजत होते. तक्रार खोटी होती, पण भीती खोटी नव्हती. आणि अंकुशराव भावाकडे असे बघत होते, की हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तुला माजं भ्या वाटतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"बंदुकीचं?"

"दोन्हीचं."

अंकुशराव उठून उभे राहिले. साहेबांना म्हणाले, "साहेब, ती बंदूक घरी आणायची न्हाय असं लिवा त्या कागदावर. मला बी ती घरी नकोच. बँकेत ऱ्हाऊ द्या. म्या फकस्त ड्यूटीला धरीन. तसं लिवा आन् सही घ्या माजी."

तशी अट घालता येते. साहेबांनी ती घातली: हत्यार कामाच्या ठिकाणीच कुलपात राहील, राहत्या घरी नेता येणार नाही. परवाना परत दिला. तो आदेश लिहायला मला दोन दिवस लागले. कुठलाही जुना मसुदा उघडला नाही. या दोन भावांचं काय झालं, कुणाचं काय म्हणणं होतं आणि आपण काय ठरवलं, एवढंच लिहिलं. दीड पान झालं. साहेबांनी वाचून एक स्वल्पविराम बदलला.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी खुलासा दिला. लेखी ताकीद मिळाली आणि प्रकरण संपलं. निवृत्तीचे कागद करताना ती ताकीद फायलीत दिसायची, आणि खरं सांगते, मला तिचा राग येत नसे. त्यापेक्षा वाईट काहीही होऊ शकलं असतं.

एक काम मात्र मी कुणी न सांगता केलं. त्या साच्यातून काढलेले सगळे आदेश बाहेर काढले आणि एकेक खुलासा शोधून वाचला. बहुतेक आदेश बरोबर होते. भाषा उसनी होती, पण त्या माणसांकडे बंदूक नको होती हे खरं होतं. एकाच ठिकाणी मी अडले. उमरग्याच्या पलीकडे, सीमेजवळच्या गावातले एक म्हातारे शेतकरी. त्यांनी खुलाशात लिहिलं होतं की माझ्या नावावरचा गुन्हा केव्हाच मिटला आहे. निकालाची प्रतही जोडली होती. मी ती बघितली नव्हती. प्रकरण पुन्हा साहेबांसमोर ठेवलं आणि फेरसुनावणीला त्यांना बोलावलं. मुलाला धरून आले. मराठी बोलताना मध्येच कानडी बोलायचे. मी म्हटलं, "आजोबा, आमचं चुकलं होतं. तुम्ही अपील का नाही केलं?"

ते म्हणाले, "सरकारचा शिक्का हाय म्हटल्यावर खरंच असंल असं वाटलं, तायी. मीच कायतरी केलं असंल, इसरलो असंल."

त्यांचा परवाना त्यांना परत मिळाला. त्यांनी तो घेतला आणि बंदूक मात्र विकायची परवानगी मागितली, कारण डोळ्यांना आता दिसत नव्हतं. गाडेकर कोर्टात गेले म्हणून त्यांचं भलं झालं, आणि माझंही. या आजोबांना कोर्टात जायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम खरं तर माझं होतं. तेव्हापासून प्रत्येक आदेशाच्या शेवटी, अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं ते मी ठळक अक्षरांत लिहायला लागले आणि आदेश हातात देताना तोंडानंही सांगायला लागले. काही लोक चमकून बघायचे. रद्द करणारीच बाई वर अपिलाचा रस्ता दाखवतेय म्हणून.

निवृत्तीनंतर आम्ही कळंबला राहायला आलो. मागच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. दिवाळीनंतरचे दिवस, म्हाताऱ्यांची गर्दी. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, तशीच मी रांगेच्या बाजूनं आत शिरायला लागले. दाराशी बंदूक घेतलेला रखवालदार उभा होता. त्यानं हात आडवा केला.

"बाई, तोंडावरचं काढा. आन् लायनीत या."

मी स्कार्फ काढला. अंकुशराव होते. बूट तसेच चकचकीत. त्यांनी मला ओळखलं, चेहरा एकदम उजळला, क्षणभर काय करावं ते त्यांना सुचेना. मग हात तसाच आडवा ठेवून म्हणाले, "ताई, तुमी हाय व्हय. बरं वाटलं. पर लाईन तिकडून हाय."

"भारत कसा आहे?" मी विचारलं.

"बांध मोजून घेतला आमी दोघांनी. आता बोलतो." मग मागं सरकून त्यांनी दारातल्या गर्दीवर नजर टाकली. "म्होरं बघून पाय ठेवा, पायरी हाय."

मी मागं गेले आणि वीसेक म्हाताऱ्यांच्या शेवटी उभी राहिले. तासभर लागला. गुडघे दुखत होते, तरी त्या रांगेत मला जितकं निर्धास्त वाटलं, तितकं नोकरीत कधी वाटलं नव्हतं.